अठ्ठ्याऐंशी जागांचा गोळा

आयबीएमचा सिलेक्ट्रिक टाइपरायटर १९६१ साली बाजारात आला, तेव्हा लोक बघत राहिले ते त्याच्या पोटातल्या गोळ्याकडे. जुन्या टाइपरायटरमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतंत्र दांडी असायची. इथे सगळी अक्षरं एकाच गोळ्याच्या अंगावर उठवलेली. कळ दाबली की गोळा गर्रकन वळे, किंचित कले आणि नेमकं हवं ते अक्षर फितीवर आपटे. अक्षरांचं वळण बदलायचं असेल तर गोळा उपसायचा आणि दुसरा बसवायचा. एक मर्यादा मात्र पक्की होती. कळा ४४, प्रत्येक कळेवर दोन चिन्हं, म्हणजे गोळ्यावर जागा ८८. एकोणनव्वदावं चिन्ह कुणाला हवं असेल, तर त्याची सोय नव्हती.

साठच्या दशकाच्या मध्यावर, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला यॉर्कटाउन हाइट्स इथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात एक छोटा गट या ८८ जागांचा हिशेब मांडत बसला होता. त्यांच्याकडे एक भाषा होती. तिच्यावर पुस्तक निघालं होतं, तिच्यात एका अख्ख्या संगणकाचं वर्णन छापून आलं होतं, आणि तरी संगणकाला ती जवळजवळ कळतच नव्हती. कारण ती जन्मली होती फळ्यासाठी आणि कागदासाठी. तिच्यात ठळक अक्षरं होती, अधोरेखित अक्षरं होती, ग्रीक अक्षरं होती. काही चिन्हं ओळीच्या डोक्यावर चढत, काही पायाशी बसत, एका ओळीवरून दुसरीवर बाण उड्या मारत. हा सगळा संसार ८८ चिन्हांत आणि एका सपाट ओळीत मांडायचा होता.

कागदावर सूत्र लिहावं आणि यंत्राने ते जसंच्या तसं सोडवावं, ही इच्छा संगणकाइतकीच जुनी. सुरुवातीच्या संगणकांना कळत त्या फक्त आकड्यांतल्या आज्ञा: अमक्या कप्प्यातली संख्या उचल, तमक्या कप्प्यातली तिच्यात मिळव, उत्तर फलाण्या कप्प्यात ठेव. एका ओळीच्या सूत्राची पानभर आज्ञावली व्हायची. एमआयटीतल्या व्हर्लविंड संगणकासाठी हॅलकोम लॅनिंग आणि नील झियर्लर या दोघांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात बीजगणिताची सूत्रं थेट वाचणारा प्रोग्रॅम लिहून दाखवला. मग १९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं फोरट्रान आलं. त्याच्या नावातच ‘फॉर्म्युला’ आणि ‘ट्रान्सलेशन’ हे दोन शब्द चिकटवलेले आहेत. शास्त्रज्ञांनी ते डोक्यावर घेतलं. तरीही फोरट्रानमधलं सूत्र पाहून गणिताचा प्राध्यापक खूश होण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्या काळच्या पंच कार्डांच्या यंत्रांवर जेमतेम ४८ चिन्हं उमटत. घातांक वर चढवता येत नसे, म्हणून दोन चांदण्या टाकायच्या. बेरजेचा सिग्मा नव्हता, त्याऐवजी यंत्राला फेऱ्या मारायला लावायच्या. आणि ‘न = न + १’ अशी ओळ तर राजरोस लिहायची, जी गणितात धडधडीत खोटी आहे.

दोष यंत्राचा, असंच सगळे धरून चालले होते. यंत्र अडाणी, त्याला आपली भाषा येत नाही, म्हणून आपण त्याच्या पातळीवर उतरायचं. ही समजूत ज्याने उलटी केली त्याची ही हकिगत आहे.

केनेथ आयव्हर्सन यांचा जन्म १९२० चा, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात कॅमरोजजवळचा. घर शेतकऱ्याचं. जागतिक मंदीत नववीनंतर शाळा सुटली आणि ते शेतावर राबू लागले. रेडिओ दुरुस्तीचा अभ्यास त्यांनी टपालाने केला, कॅल्क्युलस पुस्तकातून स्वतःचं स्वतः शिकून घेतलं. १९४२ मध्ये सैन्यात भरती झाली, तिथून कॅनडाच्या हवाई दलात, विमानावरचे फ्लाइट इंजिनियर म्हणून. राहिलेल्या शाळेचा अभ्यासही नोकरीत असताना टपालानेच केला. युद्धानंतर किंग्स्टनचं क्वीन्स विद्यापीठ, तिथून हार्वर्ड आणि १९५४ मध्ये तिथली डॉक्टरेट. मार्गदर्शकांमध्ये दोन मोठी नावं: मार्क वन हे अवाढव्य गणकयंत्र उभं करणारे हॉवर्ड एकन आणि अर्थशास्त्रज्ञ वॅसिली लिओंतिएफ. शिक्षकाशिवाय शिकलेल्या माणसाला पाठ्यपुस्तकातली प्रत्येक संदिग्ध खूण जास्तच टोचत असणार, असा माझा आपला एक तर्क.

१९५५ मध्ये आयव्हर्सन हार्वर्डमध्ये सहायक प्राध्यापक झाले आणि संगणकावर माहितीची हाताळणी कशी करायची, हा तेव्हा अगदी कोवळा असलेला विषय शिकवू लागले. फळ्यासमोर उभं राहिल्यावर त्यांची पंचाईत झाली. यादी क्रमाने लावणं, कोष्टकात शोधणं, एका यादीतून काही नोंदी वेचणं: या साध्या गोष्टी गणिताच्या रूढ चिन्हांत लिहिताच येईनात. ज्या चिन्हलिपीवर आपण वाढलो ती इथे तोकडी पडते, याचा त्यांना धक्का बसला, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. मग त्यांनी स्वतःची चिन्हं घडवायला सुरुवात केली. समोर कुठलाही संगणक नव्हता. होते विद्यार्थी, आणि त्यांना नीट समजावून सांगण्याची निकड.

चिन्हं घडवताना जुन्या चिन्हांची झडती घेणं ओघानेच आलं. झडतीत काय काय सापडलं, ते बारावीपर्यंत विज्ञान शाखेत गेलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. ‘साइन’वर २ हा घात लिहिला की अर्थ साइनच्या किमतीचा वर्ग. त्याच जागी −१ लिहिलं की अर्थ मात्र किमतीचा व्यस्त नव्हे, तर उलटं फलन. ‘फ(य+१)’ म्हणजे फ नावाच्या फलनात य+१ घालायचा, की फ नावाच्या संख्येने कंसाला गुणायचं? ते मागचापुढचा मजकूर वाचून ओळखायचं. ऋण चिन्ह संख्येच्या आधी येतं, क्रमगुणिताचं उद्गारचिन्ह नंतर येतं, केवल मूल्याच्या उभ्या रेघा दोन्ही बाजूंनी उभ्या राहतात, वर्गमूळ डोक्यावर छप्पर धरतं, भागाकार दोन मजले बांधतो, आणि घातांकाला तर चिन्हच नाही. आकडा नुसता लहान करून वर टांगला की झाला घात. पण तसाच वर टांगलेला आकडा कधी घात नसून नुसता क्रमांक असतो.

यात नवल काही नाही. ही लिपी कुणी एकाने बसून आखलेली नाहीच. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये छापलं, संकलनाचा लांबुडका एस लाइबनिट्स यांनी १६७५ मध्ये काढला, बेरजेचा सिग्मा ऑयलर यांचा, १७५५ चा, आणि क्रमगुणिताचं उद्गारचिन्ह क्रिस्तियान क्रांप यांनी १८०८ मध्ये रूढ केलं. प्रत्येक शतकाने आपला तुकडा शिवलेली ही गोधडी. माणसाला ती ऊबदार वाटते, कारण शिवण कुठे उसवली आहे ते अंगवळणी पडलेलं असतं.

आयव्हर्सन यांनी नियम असा केला: क्रिया कोणतीही असो, तिचं चिन्ह एकाच पद्धतीने बसेल. दोन संख्यांवरची असेल तर दोहोंच्या मध्ये, एकाच संख्येवरची असेल तर तिच्या डावीकडे. बस्स. त्यामुळे क्रमगुणिताचं उद्गारचिन्ह संख्येच्या आधी आलं. घाताला स्वतःचं चिन्ह मिळालं. पुढे तर ‘वजा पाच’ ही संख्या आणि ‘पाच वजा कर’ ही आज्ञा यांतला फरक दाखवायला संख्येचं ऋण चिन्ह ओळीत थोडं वर सरकवलं गेलं: ¯५. शाळेत जे दोन अर्थ एका आडव्या रेघेवर लादून मुलांना गोंधळात पाडलं जातं, ते इथे वेगळे झाले.

मग प्रश्न आला क्रमाचा. ३×४+५ किती? मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या तोंडून ‘कंचेभागुबेव’ आपोआप बाहेर पडतं आणि उत्तर येतं १७. चार क्रियांपुरतं हे ठीक आहे. आयव्हर्सन यांच्याकडे क्रिया डझनांनी होत्या: मोठं काढणं, लहान काढणं, बाकी काढणं, उलटवणं, वेचणं, जोडणं. साऱ्यांच्या मानपानाचा तक्ता कोण पाठ करणार? त्यांनी तक्ताच फाडला. कंस तेवढे ठेवले, बाकी सगळ्या क्रियांना सारखा मान. आणि नियम एकच: प्रत्येक चिन्ह आपल्या उजवीकडच्या सगळ्या मजकुराच्या उत्तरावर काम करेल. म्हणजे ३×४+५ यात आधी ४+५, मग तिप्पट: २७. ‘कं’ राहिला, ‘चेभागुबेव’ गेला.

हा नियम पहिल्यांदा वाचणाऱ्याला विक्षिप्त वाटतो, मलाही वाटला. पण १०−३−२ घ्या. रूढ उत्तर ५. आयव्हर्सन यांच्या वाचनाने १०−(३−२), म्हणजे ९. आता हीच साखळी लांबवा: १−२−३−४ हे उजवीकडून सोडवत आलं की प्रत्यक्षात होतं १−२+३−४. अधिक, उणे, अधिक, उणे अशी आळीपाळीची बेरीज फुकटात हाती आली. गणितात ज्या मालिकेसाठी −१ चे घात घेऊन कसरत करावी लागते, ती इथे नुसत्या ‘वजा’ने उभी राहते.

त्यांची सगळ्यात सुपीक कल्पना मात्र एका तिरक्या रेघेत होती. यादीच्या आधी +/ लिहिलं की यादीतल्या सगळ्या संख्यांची बेरीज. ×/ लिहिलं की सगळ्यांचा गुणाकार. सिग्मा आणि पाय ही गणितातली दोन वेगळी, भारदस्त चिन्हं होती. इथे कळलं की ती दोन नव्हेतच. एकच तिरकी रेघ आहे, आणि तिच्या डावीकडे कुठली क्रिया ठेवायची ते आपण ठरवायचं. मोठं काढण्याचं चिन्ह ठेवा, यादीतली सगळ्यात मोठी संख्या मिळेल. वजाचं चिन्ह ठेवा, वरची आळीपाळीची बेरीज मिळेल. य या यादीची सरासरी म्हणजे (+/य)÷⍴य, कारण शेपटीवाला ⍴ यादीची लांबी सांगतो. रिकाम्या यादीचं काय? कागदावर माणूस तो प्रश्न टाळू शकतो. सगळीकडे सारखा लागू होणारा नियम टाळू शकत नाही. रिकाम्या यादीची बेरीज ०, गुणाकार १. आणि रिकाम्या यादीतली सगळ्यात लहान संख्या? यंत्राला मांडता येईल ती सगळ्यात मोठी! विचार केला तर हेच बरोबर आहे. नंतर यादीत काहीही घातलं तरी ते तिच्याहून लहानच निघेल.

अशीच गोष्ट मॅट्रिक्सच्या गुणाकाराची. ओळीतल्या आणि स्तंभातल्या संख्यांचे जोडीजोडीने गुणाकार करून त्यांची बेरीज घ्यायची, हे आयव्हर्सन यांनी +.× असं लिहिलं. नुसतं छोटं केलेलं लेखन नव्हतं ते. टिंबाच्या दोन्ही बाजूंची चिन्हं बदलता येत होती. एका मॅट्रिक्समध्ये गावागावांमधली थेट अंतरं मांडा, गावाचं स्वतःपासूनचं अंतर ०. आता गुणाकाराच्या जागी बेरीज ठेवा आणि बेरजेच्या जागी ‘दोहोंतलं लहान’: ⌊.+. त्या मॅट्रिक्सचा स्वतःशीच हा नव्या तऱ्हेचा गुणाकार केला की वाटेत जास्तीत जास्त एक गाव घेऊन जाणारी कमीत कमी अंतरं मिळतात. पुन्हा केला की आणखी लांबच्या वाटा मोजल्या जातात. बीजगणिताच्या पुस्तकातली क्रिया आणि रस्त्यांच्या नकाशावरचा प्रश्न, दोन्ही एकाच साच्यातले निघाले. चिन्हांनी ते दाखवलं, कारण चिन्हांत दोन्हींची घडण उघडी पडत होती.

हार्वर्डमध्ये पाच वर्षं झाली तरी कायमची जागा मिळाली नाही. १९६० मध्ये आयव्हर्सन आयबीएममध्ये गेले. तिथे एडिन फॉलकॉफ भेटले आणि ही चिन्हलिपी एकट्याची राहिली नाही. १९६२ मध्ये पुस्तक आलं. त्याचं नाव इतकं साधं की त्यात नम्रता आहे की अहंकार, ते कळू नये: ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’. पुढे त्याच्या आद्याक्षरांवरून भाषेचं नाव एपीएल पडलं. ते सुचवलं फॉलकॉफ यांनी. तोवर सगळे तिला ‘आयव्हर्सन यांची चिन्हलिपी’ म्हणत.

पुस्तकातल्या या भाषेने पहिलं मोठं काम केलं ते उलट्या दिशेचं. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या उभारणीची धुरा होती फ्रेड ब्रुक्स यांच्याकडे. ते हार्वर्डमधले आयव्हर्सन यांचे सहकारी, त्यांच्याबरोबर एका पुस्तकाचे सहलेखक. त्याच वर्षी फॉलकॉफ, आयव्हर्सन आणि एडवर्ड ससेनगुथ यांनी त्या संगणकाचं संपूर्ण औपचारिक वर्णन कंपनीच्या संशोधन पत्रिकेत छापलं, याच चिन्हांत. संगणक कुठल्या आज्ञेला काय करतो ते गणिती काटेकोरपणे सांगणारा लेख. गंमत बघा: चिन्हलिपी संगणकाला वाचू शकत होती, संगणक चिन्हलिपीला वाचू शकत नव्हता.

तो उलट प्रवास सुरू झाला तुकड्यातुकड्यांनी. हर्बर्ट हेलरमन यांनी १९६३ च्या सुमारास आयबीएम १६२० या छोट्या यंत्रावर तिचा काही भाग चालवून पाहिला, आणि शाळकरी मुलांनी तो वापरलाही. १९६५ मध्ये लॅरी ब्रीड यांनी स्टॅनफर्डच्या फिलिप एब्रम्स यांच्याबरोबर आयबीएम ७०९० साठी व्याख्याता प्रोग्रॅम लिहिला, म्हणजे प्रत्येक ओळ वाचून तिथल्या तिथे अमलात आणणारा दुभाषा. सूत्र पहिल्यांदा अर्थासकट यंत्रात शिरलं. पण लिहायचं कसं? कार्डांवरच्या त्या ४८ चिन्हांत ना ⌊ होतं, ना ⍴. जी भाषा चिन्हांसाठी घडवली तिचीच चिन्हं गहाळ.

आता गोळ्याकडे वळू या. सिलेक्ट्रिकचीच यंत्रणा वापरणारी टर्मिनलं आयबीएमने काढली होती, आणि ती टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या संगणकाला जोडता येत होती. गोळा बदलता येतो, तर आपल्याला हवा तसा गोळाच का करून घेऊ नये? सव्वीस अक्षरं, दहा आकडे, उरलेल्या जागा चिन्हांना. लहान लिपीतली अक्षरं गेली, तिरक्या वळणाची मोठी अक्षरं तेवढी राहिली. ठळक आणि अधोरेखित हे भेद पुसले गेले. वर टांगलेले घात खाली उतरले आणि त्यांना चांदणीचं चिन्ह मिळालं. पायाशी बसणारे क्रमांक चौकटी कंसात आले. त्या कंसात अर्धविराम घातला की कोष्टकाची ओळ एकीकडे, स्तंभ दुसरीकडे, आणि दोन मितींऐवजी तीन, चार, कितीही मिती त्याच पद्धतीने लिहिता येऊ लागल्या. कागदावर तिसरा क्रमांक कुठल्या कोपऱ्यात लटकवायचा, हा प्रश्नच उरला नाही.

तरी जागा अपुऱ्याच होत्या. मग मागे सरकण्याची कळ कामाला लावली. एक चिन्ह उमटवायचं, एक घर मागे यायचं, त्याच जागी दुसरं उमटवायचं. अवतरणचिन्हाखाली टिंब ठोकलं की उद्गारचिन्ह तयार, म्हणजे क्रमगुणित. वर्तुळावर उभी रेघ ठोकली की ⌽: यादी डावीउजवीकडून उलटवणं. वर्तुळावर तिरकी रेघ ठोकली की ⍉: मॅट्रिक्सच्या ओळींचे स्तंभ करणं. रेघ जशी, तसा कोष्टकाचा आरसा धरायचा. हे चिन्ह एकदा समजलं की विसरणं कठीण.

निर्णय घेण्याची या गटाची रीतही न्यारी होती. मतदान नाही. क्वेकर पंथीयांच्या सभेत होतं तसं, सर्वांना पटेपर्यंत बोलत राहायचं, नाहीच पटलं तर तो मुद्दा बाजूला ठेवायचा. भाषेत जे आलं ते सर्वांच्या चाळणीतून आलं. आणि पुढे फॉलकॉफ व आयव्हर्सन यांनी मागे वळून लिहिलं तेव्हा एक गोष्ट मान्य केली: टाइपरायटरच्या सक्तीने भाषेचं भलंच झालं. सपाट ओळीची अट आली नसती तर घातासाठी वेगळा, क्रमांकासाठी वेगळा असे जुने अपवाद तिच्यात तसेच राहिले असते. जे कागदावर साफ करायचं राहून गेलं होतं, ते ८८ जागांच्या गोळ्याने करवून घेतलं. मला या साऱ्या हकिगतीत हाच क्षण शोधाचा वाटतो, पुस्तक छापलं तो नव्हे.

लॅरी ब्रीड, डिक लॅथवेल आणि टोरोंटोच्या आय. पी. शार्प असोसिएट्सचे रॉजर मूर यांनी सिस्टिम/३६० साठी पूर्ण भाषा उभी केली. १९६६ च्या नोव्हेंबरात ती चालू लागली. त्या यंत्रणेवर जतन केलेल्या पहिल्या कार्यक्षेत्रावर तारीख आहे २७ नोव्हेंबर १९६६. या कामासाठी तिघांना १९७३ चा ग्रेस मरी हॉपर पुरस्कार मिळाला. टर्मिनलवर बसलेल्याला दिसायचं ते असं: कागद सहा घरं आत सरकून थांबायचा, म्हणजे तुमची पाळी. तुम्ही सूत्र टंकायचं, कळ दाबायची. गोळा डाव्या समासाला उडी मारायचा आणि उत्तर ठोकायचा. पुन्हा सहा घरं आत. आतली ओळ माणसाची, समासातली यंत्राची. मध्ये कार्डांचा गठ्ठा नाही, उद्या या असं सांगणारा खिडकीमागचा माणूस नाही. ज्या सिस्टिम/३६० चं वर्णन या चिन्हांनी केलं होतं, तीच आता ही चिन्हं वाचत होती.

दुसरा रस्ता कुणी घेतलाच नाही, असं नाही. लॉस अलामॉसमध्ये मार्क वेल्स यांनी मॅडकॅप नावाची, पाठ्यपुस्तकासारखी सूत्रं वाचणारी भाषा केली. कोलंबिया विद्यापीठाच्या हडसन प्रयोगशाळेत मेल्विन क्लेरर आणि जॅक मे यांनी तर टाइपरायटरच असा बदलून घेतला की सिग्मा त्याच्या वरखालच्या मर्यादांसकट आणि अपूर्णांक दोन मजल्यांसकट टंकता यावा, आणि संगणकाने कागदावरची ती द्विमिती रचना समजून घ्यावी. लिपी जशी आहे तशी राहू दे, कष्ट यंत्राने घ्यावेत, ही त्यांची भूमिका. माणसाच्या बाजूने पाहिलं तर ती अधिक दिलदार म्हणावी लागेल. १९९६ मध्ये मॅथेमॅटिकाने पडद्यावर पाठ्यपुस्तकी सूत्रं टंकण्याची सोय केली, तेव्हा त्याच वाटेवरचं पाऊल पुढे पडलं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये गाय स्टील यांच्या फोर्ट्रेस या भाषेनेही तेच स्वप्न पाहिलं. ते काम २०१२ मध्ये थांबलं. संदिग्धता मात्र या वाटेवर कुणालाच चुकली नाही. ‘फ(य+१)’ चा गुणाकार धरायचा की फलन, हे यंत्राला शेवटी कुणीतरी सांगावंच लागतं.

एपीएलवर टीकाही सणसणीत झाली. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये तिची संभावना पूर्णत्वाला नेलेली चूक अशी केली. चेष्टा होई की ही भाषा फक्त लिहिता येते, वाचता येत नाही. काल आपणच लिहिलेली ओळ आज शिलालेखासारखी दिसते. या टीकेत तथ्य आहे. एका ओळीत पानभराचा प्रोग्रॅम कोंबण्याची नशा एपीएलवाल्यांना चढत असे, आणि दाट लिहिलेलं दाटपणेच वाचावं लागतं. पण टीकाकारांनी एक बाजू धरलीच नाही. एपीएलची ओळ न वाचता येण्याचं एक कारण असंही होतं की ती कशी वाचायची ते कुणी लहानपणी शिकवलं नव्हतं. बीजगणित न शिकलेल्याला वर्गसमीकरणाचं सूत्र काही कमी अगम्य दिसत नाही. आयव्हर्सन यांना हे कळत होतं. म्हणूनच १९६६ मध्ये त्यांनी शाळेतल्या गणितासाठी, प्राथमिक फलनांवर, याच चिन्हांतलं पुस्तक लिहिलं. शाळांनी ते उचललं नाही. १९७९ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या व्याख्यानाचा विषयही प्रोग्रॅमिंग नव्हता. चिन्हलिपी हे विचार करण्याचं साधन कसं बनतं, यावर ते बोलले.

एपीएल मोठी भाषा झाली ती बँका, विमा कंपन्या, हवामान आणि अंतराळ संशोधन अशा ठिकाणी, जिथे आकड्यांची कोष्टकं हाच रोजचा धंदा. तिच्या कल्पना मात्र तिच्याहून लांब गेल्या. अख्ख्या यादीवर एका चिन्हात काम करण्याची सवय मॅटलॅब आणि पायथनमधल्या नमपायपर्यंत पोचली. ग्रीक आयोटा हे अक्षर एपीएलमध्ये १ पासून हव्या त्या संख्येपर्यंतची यादी बनवत असे. आज सी प्लस प्लसमध्ये ओळीने चढत्या संख्या भरणाऱ्या फलनाचं नाव आयोटाच आहे.

गणितातही दोन चिन्हं परत गेली. अपूर्णांक सोडून खालची पूर्ण संख्या घ्यायची, तर गाउस यांच्यापासून चौकटी कंस वापरत, आणि तो कंस इतर दहा कामांतही गुंतलेला असे. आयव्हर्सन यांनी १९६२ च्या पुस्तकात त्या कंसाचा वरचा ओठ तोडला, ‘फ्लोअर’ झाला: ⌊य⌋. खालचा ओठ तोडला, ‘सीलिंग’ झालं: ⌈य⌉. दुसरं चिन्ह विधानाचं. विधान कंसात लिहायचं, खरं असेल तर त्याची किंमत १, खोटं असेल तर ०. मग त्याने गुणता येतं, त्याची बेरीज घेता येते, आणि सिग्माखाली अटींची जी गर्दी होते ती ओळीत उतरते. डोनाल्ड नूथ यांनी त्यासाठी चौकटी कंस सुचवला आणि १९९२ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त त्याची बाजू मांडली. गणितज्ञ आता त्याला ‘आयव्हर्सन कंस’ म्हणतात.

आयव्हर्सन १९८० मध्ये आयबीएम सोडून आय. पी. शार्पमध्ये गेले. वैयक्तिक संगणकांचा जमाना आला तशी जुनी अडचण नव्या रूपात समोर उभी राहिली: पडदे, कळफलक, प्रिंटर सगळे साध्या इंग्रजी चिन्हांचे, आणि ती गोळ्यावरची चिन्हं त्यांच्यावर उमटवायची म्हणजे जादा खर्च. १९८९ च्या उन्हाळ्यात आर्थर व्हिटनी यांनी एका दुपारी पानभर सी भाषेत एका छोट्या व्याख्यात्याचा नमुना लिहून दाखवला. त्याच्या आधाराने रॉजर हुई यांनी आयव्हर्सन यांच्याबरोबर १९९० मध्ये ‘जे’ (J) नावाची नवी भाषा उभी केली. उजवीकडून वाचण्याचा नियम तोच, तिरकी रेघ तीच. चिन्हं मात्र कुठल्याही कळफलकावर सापडणारी, मागे टिंब किंवा विसर्गासारखी दोन टिंबं जोडून केलेली. पुस्तकांनी आणि फळ्यांनी जो आपलासा केला तो ‘फ्लोअर’ या भाषेत <. असा लिहितात, आणि ‘सीलिंग’ >. असं.